कळतंय का रं, आबा?

अक्का, काल तुझ्या दारात एक बाई पाय दाबून घ्यायला आली. खरं तर आधी तिचे पाय आले आणि मागनं बाई आली, एवढे ते सुजलेले. तू गेल्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. वैशूनं दारातच सांगितलं, आई गेली, परवा दहावा झाला. बाई पायरीवरच बसली. मग तिनं माझ्याकडं बघितलं. मी तुझा भाऊ, तोंडवळा तुझा, म्हणजे हातातही तुझं काहीतरी उतरलं असेल असं तिला वाटलं असावं.

एरवी मी काय केलं असतं ते तुला माहीत आहे. तिला ऐसपैस बसवून हिमालयातल्या एका साधूची गोष्ट सांगितली असती. हा साधू माणसाच्या टाचेवर नुसती टिचकी मारून दमा घालवायचा, आणि तो दमा समोर बांधलेल्या याकला लागायचा. काल मी म्हणालो, "पाय सुजलेत बाई, आधी डॉक्टरला दाखवा." एवढंच. वाक्य तुझं होतं, तोंड माझं होतं. वैशू बघतच राहिली, मामाला झालंय काय म्हणून.

मामाला काही झालेलं नाही, अक्का. तेच अवघड होऊन बसलंय. मी रडलेलो नाही. जेवतो, दोन वेळा चहा पितो, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो. रहिमतपूरला फोन करून उसाला पाणी सोडलं का विचारतो. लोक भेटायला येतात, गळ्यात पडतात, आणि मी त्यांच्या पाठीवरनं हात फिरवत भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहतो. ज्या माणसानं साधी शेळी व्यायली तरी पंधरा मिनिटांची कथा केली, त्याला बहीण गेल्यावर एक ओळ सुचत नाही.

दहाव्याला घाटावर कावळा लगेच आला. पिंड ठेवून हात बाजूला घेतो न घेतो तोच शिवला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. भावकीतला एकजण म्हणाला, अक्कांचं काहीच राहिलं नव्हतं हो, समाधानानं गेल्या. मी मान हलवली. पण मला माहीत होतं, त्या कावळ्याला घाई होती. तुझं एक राहिलं होतं, आणि ते माझ्याकडं राहिलं होतं. कावळ्यानं मला विचारायला पाहिजे होतं.

"कळतंय का रं, आबा?" हा तुझा प्रश्न. साखरेच्या आजारानं माझे तळवे मेले होते. डॉक्टर म्हणायचे, यांना पायाचं काही कळत नाही. मी तुझ्या सतरंजीवर बसून असा बोंबलायचो, की शेजारची बाई गॅस बंद करून बघायला यायची. दोन्ही एकदम खरं असणं शक्य नव्हतं. तुला त्यातलं खरं कुठलं ते पाहिजे होतं, आणि कशाला पाहिजे होतं तेही तू एकदा स्पष्ट सांगितलंस. ज्या पायाला कळत नाही त्यावर मी अंगठा टेकवणार नाही, नुसता देखावा मला जमायचा न्हाई. म्हणजे मी "न्हाई" म्हणालो की तू थांबणार. म्हणून मी उत्तर दिलं नाही. गोष्टी दिल्या.

दाजी गेल्यावर वर्षभर तू शिलाई मशीनवर नुसती बसून असायचीस. मग एक दिवस उठलीस आणि मिरजेला एका बाईंच्या वर्गात जायला लागलीस. भाऊबीजेला मी आलो तर स्वयंपाकघरात कालनिर्णयाच्या जागी दोन तळव्यांचं चित्र. लाल, पिवळे, हिरवे तुकडे. मला वाटलं पुराचा नकाशा आहे, कुठल्या गल्लीत किती पाणी येतं त्याचा. तू पोळ्या लाटता लाटता लाटण्यानंच समजावून सांगितलंस. हा अंगठा म्हणजे डोकं. ह्या बोटांच्या मुळाशी डोळे आणि कान. हा तळव्याचा फुगीर भाग म्हणजे छाती, त्याच्याखाली कमानीत पोट, टाचेत ओटीपोट, आणि आतल्या कडेनं अंगठ्यापासून टाचेपर्यंत सगळा पाठीचा कणा. उजव्या पायात यकृत, डाव्या पायात काळीज. पायाच्या त्या त्या जागेवर अंगठा दाबत न्यायचा, सुरवंट चालतो तसा, की शरीराच्या त्या त्या भागाला आराम पडतो. रिफ्लेक्सॉलॉजी म्हणतात ह्याला.

मी म्हणालो, "म्हणजे मी आजपर्यंत यकृतावर उभा राहून गाडी चालवली."

तू लाटणं माझ्या गुडघ्यावर आपटलंस. तिथं मात्र कळलं.

नंतर तुझे नेहमीचे डॉक्टर घरी आले, चहा घेता घेता त्यांनी तो नकाशा नीट वाचला. भला माणूस. म्हणाले, अक्का, ह्या जागेचा त्या अवयवाशी धागा जोडलेला आहे असं काही सिद्ध झालेलं नाही. पण माणूस निवांत होतो, झोप लागते, दुखण्याची धास्ती थोडी कमी होते, हे मीही बघितलंय. माझी औषधं चालू ठेवून तुम्ही करत असाल तर माझी हरकत नाही. मला वाटलं आता तू त्यांच्याशी भांडणार. तू उलट त्यांना आणखी अर्धा कप चहा दिलास. म्हणालीस, "नकाशा खरा का खोटा मला काय म्हाईत, डॉक्टर. माझ्यासमोर माणूस झोपला, एवढं मी बघितलंय. हे औषधाच्या जागी न्हाई, औषधाच्या शेजारी हाय." आणि दुसऱ्या दिवशी दाराला स्वतःच्या हातानं पाटी लावलीस. इथे रोग बरा होत नाही. औषधे चालू ठेवा. जेवून लगेच येऊ नये.

असली पाटी लावून बसणारी बाई साऱ्या महाराष्ट्रात तू एकटी. मला ती पाटी सहन होईना. ह्या पाटीनं कुणी येणार आहे का? म्हणून मी रहिमतपूर ते तुझं सांगलीचं विश्रामबाग, ह्या पॅसेंजरमध्ये तुझा प्रचार सुरू केला. एका निवृत्त वॉचमनचं घोरणं तू असं थांबवलंस, की त्याच्या बायकोला शांततेनं झोप येईना आणि मग तिचे पाय दाबावे लागले. पाचगणीच्या एका शाळेतल्या इंग्रजी मास्तरला तू एकदा टेकवलंस तर तो तुझ्या सतरंजीवरच सुट्टी संपेपर्यंत झोपला, आणि उठला तो थेट मराठी बोलत. लोक हसायचे. पण कराडला उतरणारा एखादा माणूस न उतरता विश्रामबागेपर्यंत यायचा, आणि तुझ्या दारात उभा राहून विचारायचा, चष्मा जाईल का हो?

मग तू मला झापायचीस. माणसं आशेनं येतात आबा, तू त्यांची थट्टा करतोस. मी म्हणायचो, मी त्यांना तुझ्या दारापर्यंत आणतो, पुढं तू त्यांना खरं सांग, दोघांनी एकच काम कशाला करायचं? तू खरंच तेच करायचीस. चष्मेवाल्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडं, छाती भरून आलेल्याला रिक्षात घालून थेट दवाखान्यात. अंगात ताप, पायात जखम, पोटरीत गाठ, दिवस गेलेली पोरगी, ह्यांना आधी डॉक्टरला विचारून या म्हणून परत पाठवायचीस. आणि एवढं करूनही उरायचे ते लोक पुन्हापुन्हा यायचे. हे भांडण आपण मिटवलंच नाही. आता ते माझ्या एकट्याच्या अंगावर पडलंय आणि एका बाजूनं भांडायला मजा येत नाही.

पण परक्यांचं ठीक होतं. पंचाईत झाली ती घरच्यांची.

तू थोरली. भावकीत, गल्लीत, सगळ्यांची अक्का नाहीतर मावशी. लहानांनी तुझ्या पाया पडायचं, तू लहानांच्या पायाला हात लावायचा म्हणजे काय? भाचे, पुतणे, सुना, सगळे तुझ्याकडं यायचे, पाया पडायचे, आणि आपले पाय मांडीखाली अशी घट्ट घडी घालून बसायचे की जणू पाय घरी ठेवून आलेत. आवं मावशी, पाप लागंल. मी तर सगळ्यात पुढं. साखर वीस वर्षं जुनी, पायाला मुंग्या येऊन येऊन आता त्याही यायच्या बंद झालेल्या. तू म्हणायचीस, पाय दाखव. मी म्हणायचो, मला नरकात पाठवायचंय का? तिकडं माझ्या ओळखीचे लय लोक आहेत, मला परत येऊ देणार नाहीत.

तू त्याच्यावर तोड काढलीस. दाजींचा एक मऊ पांढरा पंचा होता, धुऊन धुऊन जाळीदार झालेला. लहान माणूस बसला की त्याच्या पायांवर तू तो पंचा घालायचीस आणि वरनं दाबायचीस. म्हणायचीस, "मी पंच्याला हात लावते. पंचा माझ्यापरीस लहान हाय आणि त्याला पाप लागत न्हाई." झालं. सगळ्या भावकीचे पाय मोकळे झाले. नाग गारुड्याच्या टोपलीतनं बाहेर यावा तसे एकेकाचे पाय मांडीखालनं बाहेर आले. मिरजेच्या बाईंनी तुला शिकवलेलं पहिलं काम म्हणजे पाय उघडा करून उजेडात तळवा बघायचा, मग हात लावायचा. ते तुला ठाऊक होतं. पण घरचं माणूस आधी सतरंजीवर तर बसू दे, असं तुला वाटलं. आम्हीही खूश. पाप टळलं, पाय दाबून मिळाले.

उसाच्या तोडीचे दिवस होते. मी शेतातनं तसाच स्टेशनवर गेलो, पॅसेंजर धरली, दुपारी तुझ्याकडं पोचलो. तू माझ्या पायांवर पंचा घातलास. मी तुला माझ्या फौजेतल्या दिवसांतली लेहची गोष्ट सांगायला घेतली. तिकडं थंडी अशी, की मी ट्रकातनं उतरलो आणि माझे बूट पुढं चालत गेले, पाय मागं राहिले. साहेब बुटांना सलाम ठोकून गेले. ही गोष्ट तू आधी ऐकलेली होतीस, तरी सलामाला हसायचीस. त्या दिवशी हसली नाहीस. मी बघितलं तर पंच्यावर एक लाल ठिपका आलेला. कुंकवाएवढा. बघता बघता तो रुपयाएवढा झाला.

तू पंचा काढून बाजूला टाकलास आणि माझा उघडा पाय थेट मांडीवर घेतलास. मी ओढायला लागलो, अक्का, पाप, पाप. तू माझ्या पोटरीवर सणसणीत चापट मारलीस आणि चष्मा लावलास. चपलेचा खिळा वर आलेला. तो किती दिवस करंगळीच्या मुळाशी आत-बाहेर करत होता देव जाणे. भोवतीची कातडी काळी पडलेली.

"आबा, हे तुला कळलं न्हाई?"

"काय?" मी विचारलं.

तू वर बघितलंस. बास. तू दाबलं नाहीस, तेल-पावडर काही लावलं नाहीस. स्वच्छ फडकं गुंडाळलंस, रिक्षा बोलावलीस, वाटेत मला चप्पल घालू दिली नाहीस. एवढा मोठा फौजी गडी, भर विश्रामबागेत रिक्षापर्यंत थोरल्या बहिणीच्या खांद्यावर हात टाकून एका पायावर उड्या मारत गेला. करंगळी गेली. पाऊल राहिलं. मिरजेच्या सर्जननं सांगितलं, आठवड्यानं आला असता तर गुडघ्यापर्यंत बोलावं लागलं असतं. तू त्यांना म्हणालीस, पंचा नसता तर महिनाभर आधी दिसलं असतं. तुझा आवाज अगदी सरळ होता. घरी आल्यावर तो पंचा तू धुतला नाहीस. पुरला का जाळला, मी विचारलं नाही. त्यानंतर तुझ्याकडं लहान-थोर कुणीही आलं तरी पाय उघडे, उजेडात, आधी तळवा बघणार. पापाचं कुणी काढलं तर म्हणायचीस, "पाप माझ्या नावावर लाव आणि पाय पुढं कर."

गावात मी सांगितलं की करंगळी कृष्णेतल्या मगरीनं नेली. सांगलीच्या घाटावर पाय धूत बसलो होतो, आली आणि अदबीनं एवढीच नेली. पुढं त्या मगरीला साखरेचा त्रास सुरू झाला आणि तिनं किनाऱ्यावरची ऊस खाणारी पोरं खायचं सोडलं. रहिमतपूरची पोरं अजून माझ्या पायाकडं आदरानं बघतात. तू म्हणालीस, करंगळीच्या मुळाशी कान असतो, गेला तो तुझा कान, तसाही तू कुणाचं ऐकत नव्हतासच.

जखम भरल्यावर तुझ्या डॉक्टरांनी माझा पाय तपासला. नायलॉनचा एक बारीक दोरा घेतला. म्हणाले, डोळे मिटा, तळव्याला लागला की सांगा. मी डोळे मिटले आणि अंदाजानं म्हणालो, लागला. पुन्हा म्हणालो, लागला, आता टाचेला. डॉक्टर म्हणाले, मी अजून सुरूच केलेलं नाही. तू कोपऱ्यात उभी होतीस. मग त्यांनी तुला समजावलं. ह्यांच्या तळव्याला संवेदना नाही, ती परत येईल असं धरून चालू नका. रोज तळवे बघायचे, आरसा घेऊन. तुम्हाला दाबायचंच असेल तर अगदी हलका हात, जखम नसताना. दाबल्यानं बरं होईल म्हणून करायचं नाही.

आणि मग आपले ते दिवस सुरू झाले. पंधरवड्याला मी पॅसेंजरनं यायचो. तू सतरंजी अंथरायचीस, मी उशीला टेकायचो, तू समोर पाटावर बसून पाय मांडीवर घ्यायचीस. आधी आरसा, मग चष्मा, मग बोटांच्या बेचक्या. मग अंगठा चालायला लागायचा आणि मी ओरडायचो. आई गं. अक्का हळू, यकृत फुटेल. थेट काळजाला हात घातलास की. वैशू आतनं म्हणायची, मामा, शेजारी पोलिसांना बोलावतील. आणि तू थांबायचीस, हात तसाच ठेवून विचारायचीस. कळतंय का रं, आबा?

मी एकदा सांगितलं, एवढं कळतंय की तुझ्या अंगठ्याची रेघ न् रेघ मोजता येईल. एकदा सांगितलं, तळव्यात कळत नाही पण टाळूत कळतं, नकाशा उलटा लावलाय तू. एकदा सांगितलं, हे लष्कराचं गुपित आहे. तू प्रत्येक वेळी ऐकून घ्यायचीस आणि पुन्हा अंगठा चालवायचीस. एकदाच चिडलीस. म्हणालीस, डॉक्टर म्हणतात न्हाई, तू म्हणतोस हाय, मी कुणाचं धरू? एवढी माणसं माझ्याकडं येतात, त्यांचं मी मानते. घरच्या माणसाचं मला मानता येत न्हाई, असं का करतोस? मी म्हणालो, चहा टाक. तू चहा टाकलास.

यंदा तुझं काळीजच थकलं. डॉक्टर म्हणाले पंप कमजोर झालाय. तुझे पाय सुजले, घोट्याचं हाड दिसेनासं झालं. दवाखान्यात चार वाजता भेटायला सोडायचे. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा राहायचो. एवढी वर्षं तू माझे पाय मांडीवर घेतलेस, मला वाटलं आता माझी पाळी. मी पांघरूण सारलं आणि हात पुढं केला. तू पाय ओढून घेतलास. ओढण्याची ताकद नव्हती, तरी ओढलास.

"सुजल्याल्या पायाला दाबायचं न्हाई," तू म्हणालीस. "एवढंबी शिकला न्हाईस व्हय?"

मी हात खिशात घातले. तू डोळे मिटलेस. मग डोळे न उघडताच बोललीस. म्हणालीस, हितं पडल्या पडल्या एकच येतं मनात. एवढ्या जणांचे पाय धरले, ती माणसं परकी, बरं वाटलं म्हणणारच. तू माझा भाऊ. तू खरं सांगितलंस तर मला कळंल, माझ्या हातातनं कुणाला काय मिळालं का मी नुसतीच चोळत बसले.

मग डोळे उघडलेस. "कळत होतं का रं?"

आणि मी, अक्का, मी तुला पंजाबातल्या एका सुभेदाराची गोष्ट सांगितली. त्याच्या मेलेल्या पायाला बहिणीचा हात लागला आणि पाय असा जिवंत झाला, की तो रात्रीत एकटाच उठून बहिणीच्या गावाला निघाला, सुभेदार अंथरुणातच. चांगली सांगितली. शेजारच्या पलंगावरची म्हातारी हसली. वेळ होती, कुणी हाकललं नव्हतं, सिस्टर अजून आली नव्हती. तू शेवटपर्यंत ऐकलीस. मग "बरं" म्हणालीस आणि तोंड खिडकीकडं केलंस. पुढं मी दोनदा आलो. तू उसाचं विचारलंस, वैशूच्या कॉलेजचं बोललीस. ते विचारलं नाहीस.

तर आता हे घे.

कळत नव्हतं. गुडघ्याखाली चार बोटं सोडली की पुढं काहीच कळत नव्हतं. पंच्यावरनं नाही, उघड्यावर नाही, हलक्या हातानं नाही, चुकून जोर दिलास तेव्हाही नाही. माझा पाय तुझ्या मांडीवर आहे, हे मला डोळ्यांनी बघून कळायचं. डॉक्टर खरे होते. तू त्यांचंच धरायला पाहिजे होतंस.

मी ओरडायचो ते तुझ्या तोंडाकडं बघून. टाचेवर आलीस की तू खालचा ओठ दातात धरायचीस. कमानीत शिरलीस की डावी भुवई वर जायची. आतल्या कडेनं कणा चढताना तू श्वास रोखायचीस आणि वर पोचलीस की सोडायचीस. अंगठ्यापाशी तुझं तोंड असं सैल पडायचं, सुईत दोरा ओवताना पडायचं तसं. आणि करंगळी होती त्या जागेवरनं हात जाताना तू डोळे मिटायचीस, क्षणभरच. तिथं मी कधी ओरडलो नाही. एवढं पाठ झालं होतं मला, की तुझा अंगठा कुठं आहे ते पायाकडं न बघता सांगितलं असतं.

जन्मात मी तुझ्या तोंडाकडं असं बघितलेलं नव्हतं. थोरल्या बहिणीच्या तोंडाकडं कोण बघतं? ती वाढते तेव्हा आपण ताट बघतो. ओवाळते तेव्हा निरांजन बघतो. बोलते तेव्हा मान खाली घालतो. आणि तू तर कधी एका जागी बसलेलीच नसायचीस. दाजींचं घर, मशीन, पोरगी, पाहुणे. ह्या पायांमुळं तू माझ्यासमोर बसायचीस, न उठता, तासभर, आणि मला बघायला मिळायचीस. मी "न्हाई" म्हणालो असतो तर तू उठली असतीस. म्हणून न्हाई म्हणालो नाही. तुझ्या हातातनं मिळालं ते हे. तुझ्या नकाशात ह्याला कुठला रंग आहे मला माहीत नाही, आणि डॉक्टरांच्या दोऱ्याला ते सापडलं नसतं. पण पॅसेंजरनं मी त्याच्यासाठी यायचो.

तुला दवाखान्यातनं शेवटचं घरी आणलं त्या दिवशी लोक ओळीनं पाया पडत होते. मीही पडलो. मग सवयीनं तुझ्या तोंडाकडं बघितलं. ओठ बघितला. भुवई बघितली. बराच वेळ बघत राहिलो असेन, कारण मागनं कुणीतरी हळूच म्हणालं, आबा, सरका, माणसं थांबल्यात. वैशूनं माझा दंड धरला. मी सरकलो नाही. मला पहिल्यांदाच कळेना, अक्का, तुझा हात आता कुठं आहे.